सर्जनशील विचार : घरातून सुरुवात
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नवे काही सुचणे ही कवी, चित्रकार वा शास्त्रज्ञ यांना जन्मतःच मिळालेली देणगी आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मानसशास्त्रानेही बराच काळ या विषयाकडे दुर्लक्षच केले. जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून बोलताना ही उणीव दाखवून दिली. तेवीस वर्षांच्या सूचीतील सुमारे १,२१,००० नोंदींपैकी केवळ १८६ नोंदी सर्जनशीलतेशी संबंधित होत्या. पुढे त्यांनी विचाराचे दोन प्रकार सांगितले. एक, ठरलेल्या एकाच उत्तराकडे नेणारा. दुसरा, एका प्रश्नापासून अनेक दिशांना जाणारा. पहिला आपण शाळेत रोज घोटवून घेतो. दुसऱ्याला मात्र सवड आणि निर्भय वातावरण लागते. ते वातावरण घरात कसे निर्माण करावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक प्रयोग सांगतो. १९४२ साली अब्राहम लुचिन्स यांनी तो प्रसिद्ध केला. तीन भांडी आहेत. त्यांची मापे २१, १२७ आणि ३. पाणी १०० माप हवे. १२७ चे भांडे भरावे, त्यातून २१ चे एकदा व ३ चे दोनदा भरून काढावे, १०० उरतात. अशीच काही गणिते सोडविल्यावर पुढचे गणित येते : मापे २३, ४९ आणि ३, पाणी हवे २०. बहुतेकांनी इथेही ४९ मधून २३ आणि दोनदा ३ वजा केले. वास्तविक २३ मधून ३ काढले की काम झाले! ज्यांनी आधीची गणिते सोडविलेली नव्हती, त्यांना ही सोपी वाट सहज दिसली. म्हणजे वाट अडविली ती अज्ञानाने नव्हे, तर यशस्वी ठरलेल्या सवयीने. लुचिन्स यांनी काही जणांना मध्येच कागदावर ‘आंधळे होऊ नका’ असे लिहावयास सांगितले, तेव्हा त्यांतील अनेकांना सोपी रीत सापडली. यावरून पहिला उपाय मिळतो : उत्तर सापडल्यावर तिथेच न थांबता ‘याची दुसरी रीत कोणती?’ असे स्वतःला विचारावे.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. मी अनेक वर्षे गणित शिकविले. एकदा सातवीच्या वर्गात २४० रुपयांवर शेकडा १५ प्रमाणे सूट काढावयास दिली होती. एका मुलाने लिहिले : शेकडा दहाने २४, त्याचे निम्मे १२, एकूण ३६. बहुधा वडिलांच्या दुकानात गल्ल्याजवळ बसून तो हे शिकला असावा. उत्तर बरोबर होते. पण शिकविलेल्या रीतीने नव्हते, म्हणून मी त्याचे गुण कापले. तो काही बोलला नाही. मात्र त्यानंतर वर्षभर त्याने एकही गणित स्वतःच्या रीतीने सोडविले नाही. लुचिन्स यांचा प्रयोग मी पुढे वाचला, तेव्हा आंधळा कोण होता हे मला उमगले.

दुसरा उपाय : कल्पना सुचण्याची वेळ आणि ती पारखण्याची वेळ वेगळी ठेवावी. जाहिरात व्यवसायातील अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी हे तत्त्व लोकप्रिय केले. आधी भरपूर कल्पना मांडाव्यात, कोणीही टीका करू नये, निवड नंतर व्हावी. तत्त्व उत्तम, परंतु एकत्र बसून विचार केल्याने अधिक कल्पना सुचतात हा त्यांचा दावा कसोटीला उतरला नाही. १९५८ साली येल विद्यापीठात चौघाचौघांचे गट आणि एकेकटे विचार करणारे विद्यार्थी यांची तुलना झाली. एकेकट्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या, तेव्हा त्या संख्येने अधिक भरल्या. गटात एक बोलत असता बाकीच्यांना थांबावे लागते, आणि ‘लोक काय म्हणतील’ हा संकोचही आड येतो. आपल्या सभांतून ज्येष्ठ आधी बोलतात आणि तरुण मान डोलावतात. त्याऐवजी प्रत्येकाने पाच मिनिटे आपापल्या कागदावर लिहावे, मग सर्व कागद वाचावेत, आणि चर्चा त्यानंतर करावी.

तिसरा उपाय विश्रांतीचा. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली नवनिर्मितीचे चार टप्पे सांगितले : तयारी, मुरवण, स्फुरण आणि पडताळणी. विरजण लावलेले भांडे सारखे हलविले तर दही लागत नाही. तसेच हे आहे. मात्र विश्रांतीपूर्वी कसून प्रयत्न झालेला असावा. दूधच नसेल तर विरजण कशाला लावणार? २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांना असेही आढळले की, बसून राहण्यापेक्षा चालताना माणसाला अधिक नव्या कल्पना सुचतात. तेव्हा अडलेल्या मुलाला दटावून बसविण्यापेक्षा बरोबर घेऊन एक फेरी मारून यावी.

चौथा मुद्दा किंचित अप्रिय आहे. पण घरच्याच मंडळींत बोलतो आहे, म्हणून बोलतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितले, ‘चित्र काढाल तर सोनेरी मोहोरेचे प्रशस्तिपत्र मिळेल.’ काहींना तेच अचानक दिले, तर काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी पाहिले तर आधी आमिष दाखविलेली मुले मोकळ्या वेळात चित्रांकडे इतरांच्या निम्माच वेळ वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नव्हती. आमिषाने खेळाचे काम झाले होते!

आपणही दरवर्षी बक्षीस समारंभ करतो. गुणवंतांचा सत्कार अवश्य व्हावा, गरजूंना शिष्यवृत्ती तर मिळालीच पाहिजे. परंतु लहानग्यांच्या चित्रकलेत पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लावण्याऐवजी सर्वांची चित्रे सभागृहात मांडावीत आणि ‘हे तुला कसे सुचले?’ असे प्रत्येकाला कोणीतरी विचारावे, एवढी विनंती मी विश्वस्तांना करतो.

वस्तूला अनेक बाजू असतात, हा अनेकान्ताचा संस्कार आपल्याला परंपरेने लाभलेला आहे. तो तत्त्वज्ञानाचा विषय आहे आणि त्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण प्रवचनात अनेकान्त ऐकावयाचा आणि मुलाच्या अभ्यासाच्या मेजावर एकान्त चालवावयाचा, हे आपल्याला शोभत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याचे कापलेले गुण मला आता परत देता येणार नाहीत. तुमच्या घरी मात्र आज रात्री एखादे मूल वेगळे उत्तर घेऊन येईल. त्याला पूर्ण बोलू द्या.