टॉम लेहरर : उपहासाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा
(अभ्यासमंडळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२६ जुलै २०२५ रोजी अमेरिकेतील केंब्रिज येथे टॉम लेहरर वयाच्या ९७ व्या वर्षी निवर्तले. पेशाने ते गणिताचे अध्यापक. कीर्ती मात्र उपहासगीतांची. स्वतःच गीत रचावे, चाल बांधावी आणि पियानोवर बसून गावे, अशी त्यांची रीत. त्यांची गाजलेली गाणी मोजकीच आहेत. तरीही समाजवादी कार्यकर्त्यांनी त्यांचा विचार करावा असे मला वाटते. सत्तेची टर उडवल्याने सत्ता हलते काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच्या कलेची भीड न बाळगता दिले.

१९२८ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले लेहरर पंधराव्या वर्षी हार्वर्डमध्ये दाखल झाले. १९५३ साली, मॅकार्थीच्या दहशतीच्या काळात, त्यांनी १५ डॉलर देऊन स्टुडिओ घेतला, बारा गाणी ध्वनिमुद्रित केली आणि स्वखर्चाने ४०० तबकड्या काढल्या. नभोवाणी केंद्रे असली गाणी सहसा वाजवीत नसत. विक्री टपालाने झाली. कीर्ती विद्यार्थ्यांच्या तोंडून पसरली. कंपनी नाही, दलाल नाही. उत्पादनाचे साधन कलावंताच्या हाती होते, म्हणून त्याची जीभही त्याचीच राहिली. याची उलट बाजू पुढे दिसली. १९६४-६५ मध्ये एका मोठ्या दूरचित्रवाणी कंपनीच्या कार्यक्रमासाठी त्यांनी गाणी लिहिली, तेव्हा काही ओळींना कात्री लागली. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोत प्रेक्षकांसमोर मुद्रित केलेल्या तबकडीत त्यांनी ती गाणी मूळ रूपात गायिली.

त्या तबकडीतील दोन गाण्यांचा मी मुद्दाम उल्लेख करतो. १९६४ साली चीनने अणुस्फोट केला. त्या पार्श्वभूमीवरच्या गाण्यात, आता बाँब कोणाकडे येणार, याची यादी आहे. अमेरिकेला शांतता प्रिय म्हणून तिच्याकडचा बाँब चांगला, हा त्यातला बोचरा मुद्दा. त्या यादीत भारत नव्हता. १९७४ साली आपणही ‘शांततामय’ हेच विशेषण लावून पोखरणला स्फोट केला आणि १९९८ साली ते विशेषणही गळून पडले. गाणे अमेरिकेचे, हसताना आपण मात्र जरा सांभाळूनच हसावे.

दुसरे गाणे वेर्नर फॉन ब्राउन याच्यावरचे. हिटलरसाठी याने व्ही-२ क्षेपणास्त्रे घडवली. ती बनवणाऱ्या भुयारी कारखान्यात छळछावणीचे हजारो कैदी मेले. युद्ध संपताच अमेरिकेने त्याला आपलेसे केले आणि पुढे तो चांद्रमोहिमेचा गौरवमूर्ती ठरला. लेहरर त्याला राक्षस म्हणत नाहीत. ते त्याला आपल्या खात्यापुरते पाहणारा कर्तबगार तज्ज्ञ म्हणून उभा करतात. अ‍ॅडम स्मिथने श्रमविभागणीने उत्पादन वाढते हे दाखवले. श्रमविभागणीने सदसद्विवेकाचेही तुकडे पडतात, हे या छोट्या गाण्याने दाखवले. लेहरर हे बाहेरून बोलत नव्हते. लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत त्यांनी काही काळ काम केले होते.

त्यांनी आपल्या बाजूलाही सोडले नाही. गिटार घेऊन युद्ध आणि दारिद्र्य यांचा निषेध गाणाऱ्या पुरोगामी गायकांची त्यांनी याच तबकडीत रेवडी उडवली. ज्याला श्रोत्यांतील प्रत्येकाची आधीच संमती आहे, ते गाण्यात धैर्य कसले, हा त्यांचा सवाल. तो आपल्या सभांनाही लागू पडतो. पण येथे मी त्यांच्याशी पूर्णतः सहमत नाही. ‘वुई शॅल ओव्हरकम’ हे गाणे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी पोलिसांच्या लाठ्यांसमोर गायिले, ‘होंगे कामयाब’ या रूपाने ते आपल्या शिबिरांत आले. संघटनेच्या पाठबळाने गायिलेले गाणे आणि दिवाणखान्यात गायिलेले गाणे यांत अंतर आहे.

उपहासाच्या परिणामाविषयी लेहरर यांना भ्रम नव्हता. बर्लिनच्या उपहासगृहांनी हिटलरला रोखण्यासाठी केवढे कार्य केले, हा इंग्रज विनोदकार पीटर कुक याचा कडवट टोमणा ते सांगत. १९७३ साली किसिंजर यांना शांततेचे नोबेल मिळाले, तेव्हा राजकीय उपहास कालबाह्य झाला, असे ते म्हणाले. त्यामुळेच त्यांनी गाणे सोडले ही दंतकथा आहे. ते आधीच थांबले होते. मात्र १९७२ साली व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या मॅकगव्हर्न यांच्या प्रचारनिधीसाठी ते पियानोवर बसले. मॅकगव्हर्न हरले. लेहरर सांताक्रूझच्या विद्यापीठात गणित आणि संगीतिका शिकवीत राहिले.

शेवटची कृती मला सर्वांत मोठी वाटते. २०२० साली त्यांनी आपल्या गीतांचे शब्द आणि २०२२ साली गाण्यांवरचे आपले उरलेले सारे हक्क सोडून दिले. आता कोणीही ती गावीत, छापावीत, बदलावीत. परवानगी नको, मोबदला नको. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतरही दशकानुदशके मालकी टिकते आणि ज्ञानाला कुंपणे पडत आहेत, अशा काळात एका माणसाने आपले कुंपण स्वतः काढून टाकले. त्यासाठी त्याने कोणत्याही वादाची दीक्षा घेतली नव्हती.

उपहास सिंहासन उलथवीत नाही. तो सिंहासनाबद्दलचा दरारा घालवतो. दरारा गेल्यावर पुढे सरकायचे काम माणसांनी, तेही एकत्र येऊन, करावयाचे असते. हसून घरी जाणारा श्रोता ते काम विनोदकारावर सोपवतो. लेहरर यांनी ते ओझे स्वीकारण्यास प्रामाणिकपणे नकार दिला. तो नकार आपण नीट ऐकला पाहिजे.