सुट्टीचे दिवस आणि आईचा राग

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या मातांच्या मेळाव्यातील भाषण)



या मेळाव्यात चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा विषय निवडण्याची आम्हांस पूर्ण मोकळीक होती. मातेची प्रार्थना, मातेचा त्याग, मातेचे वात्सल्य असे अनेक सुंदर विषय मनात आले, आणि खरे सांगावयाचे तर त्यांवर बोलणे सोपेही गेले असते. परंतु ज्या सायंकाळी आम्ही कागद घेऊन बसलो, त्याच सायंकाळी दूध उतू गेल्याच्या निमित्ताने आम्ही धाकट्या मुलावर इतक्या मोठ्याने ओरडलो, की शेजारच्या बाईंनी आपली खिडकी हलकेच लावून घेतली. त्यानंतर त्यागावर लिहिण्याचा धीर आम्हांस झाला नाही. म्हणून आज आम्ही आमच्या रागाविषयीच बोलणार आहोत. आणि तोही विशेषेकरून सुट्टीच्या दिवसांतील.

राग तर बारा महिन्यांचा, मग त्यास सुट्टीचेच निमित्त का, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या या गावाच्या घडणीतच आहे. 1954 साली पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला, 1962 साली महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळ आले, पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथे कारखाने उभे राहिले आणि चालू शतकात चाकणच्या माळावर मोटारींचे मोठमोठे कारखाने झाले. त्यांच्यामागोमाग आपले वाडवडील, किंवा आपण स्वतः, येथे आलो. कोणी नगर जिल्ह्यातून, कोणी वसईहून, कोणी गोव्याहून. भाकर मिळाली, घर झाले, मुलांचे शिक्षण झाले, याबद्दल परमेश्वराचे उपकार मानावे तितके थोडेच. परंतु या भाकरीबरोबर पाळीही आली. पुष्कळ कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मुलांच्या शाळेची सुट्टी रविवारी. आणि मिस्साही रविवारी. यजमान तिसरी पाळी करून सकाळी घरी येतात तेव्हा मुले शाळेच्या गडबडीत, आणि मुले घरी येतात तेव्हा वडील झोपलेले, म्हणून आवाज करावयाचा नाही. घरातील सर्व माणसे एकाच वेळी जागी आणि एकाच छपराखाली असणे हा योगच दुर्मिळ झाला आहे. मग मे महिन्यातील आठ दिवस, दिवाळीतील चार दिवस किंवा नाताळातील एक आठवडा, यांच्यावर आपण वर्षाच्या सगळ्या सुखाचा भार टाकतो. तेवढा भार त्या बिचाऱ्या आठ दिवसांना पेलत नाही. आणि तो पेलला नाही, की घरात प्रथम आवाज चढतो तो आईचा.

आमचीच हकीकत सांगतो. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही माहेरी निघालो होतो. माहेर श्रीरामपूरच्या बाजूस, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर व 2024 पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. यजमान रात्रपाळी करून पहाटे थेट वल्लभनगरच्या एस.टी. स्थानकावर यावयाचे होते. पिशव्या भरणे, गॅस बंद करणे, कुंड्या शेजारी देणे, प्रवासासाठी चपात्या लाटणे हे सर्व आम्ही एकट्यानेच रात्री एक वाजेपर्यंत केले. आम्हांस कोणी तसे करावयास सांगितले नव्हते, हेही कबूल केले पाहिजे. सकाळी स्थानकावर गाडी लागली, माणसे दारावर तुटून पडली, आणि तेवढ्यात आमची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “आई, पाण्याची बाटली रिक्षात राहिली.” आम्ही तिला तेथेच, सर्व लोकांदेखत, थोबाडीत मारली. बाटली प्लॅस्टिकची होती.

संगमनेर येईपर्यंत मुलगी खिडकीबाहेर पाहत बसली होती. माहेरी पोचल्यावर आम्ही हसतमुखाने सर्वांना भेटलो. आमच्या आईने तर जावई-लेकीचा संसार पाहून कृतज्ञतेची प्रार्थनाही केली. बाहेरून पाहणाऱ्यास काहीच दिसले नसते. परंतु त्याच वर्षी दिवाळीपूर्वी गावी जाण्याचा बेत निघाला, तेव्हा ती मुलगी हळूच म्हणाली, “आपण घरीच राहू या का? गावाला जायचं म्हटलं की तू रागावतेस.”

भगिनींनो, ज्या सुट्टीसाठी आपण पै पै साठवतो, ती सुट्टी आपल्या लेकराला आपल्या भीतीने नकोशी व्हावी, याहून मोठा पराभव आम्हांस ठाऊक नाही.

त्या आठवड्यात आम्ही पापनिवेदनास गेलो. “मी रागावले” हे वाक्य आम्ही तेथे वर्षानुवर्षे म्हणत आलो आहोत, विजेचे बिल भरावे तसे. या वेळी मात्र बाटलीची गोष्ट सांगितली. (पापनिवेदनात ऐकलेले सांगण्यास फादरांना बंदी आहे, आपलेच आपण सांगण्यास आम्हांस ती नाही.) फादरांनी विचारले, “यजमानांच्या कारखान्यातील साहेबांवर तुम्ही कधी अशा ओरडलात का? गाडीच्या कंडक्टरवर? सासऱ्यांवर?” आम्ही नाही म्हणालो. “म्हणजे तुमच्या रागाला माणसे ओळखता येतात,” एवढेच ते म्हणाले. आम्ही आजवर समजत होतो की राग हा वादळासारखा येतो आणि त्याच्यापुढे आपले काही चालत नाही. परंतु वादळ लहान झाड पाहून त्याच्यावर कोसळत नाही. आमचा राग मात्र नेमका सर्वांत लहान माणसापाशी जाऊन थांबत असे. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी प्रार्थना तर सांगितलीच, आणि मुलीची क्षमा मागण्यासही सांगितले.

हे दुसरे प्रायश्चित्त आम्ही दोन दिवस पुढे ढकलले. आईने मुलाची क्षमा मागावी ही आपल्याकडे रीत नाही. जपमाळ झाल्यावर मुले वडीलधाऱ्यांच्या पाया पडून आशीर्वाद घेतात, ही रीत आहे. तिसऱ्या दिवशी ती पाया पडण्यास वाकली, तेव्हा आम्ही तिचा हात धरून म्हणालो, “स्थानकावर तुला मारलं, ते माझं चुकलं.” ती ओशाळली. मग थोड्या वेळाने तिने विचारले, “म्हणजे आता बाटली हरवली तर चालेल?” घरातील सर्वजण हसले, आणि आम्हीही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात एका कुटुंबाच्या प्रवासाची हकीकत आहे. आपण ती जपमाळेत दर सोमवारी व शनिवारी आनंदाचे पाचवे रहस्य म्हणून आठवतो, आणि कदाचित म्हणूनच तिच्यातील घालमेल आपल्या ध्यानात येत नाही. योसेफ व मरिया दरवर्षी वल्हांडण सणासाठी येरुशलेमला जात. येशू बारा वर्षांचा असताना परतीच्या वाटेवर एक दिवसाची मजल झाल्यावर कळले, की मुलगा सोबत नाही. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस सप्टेंबरातील गर्दीत ज्यांनी मुलाचा हात क्षणभर सोडला असेल, त्या मातांना यापुढे काही सांगण्याची गरज नाही. ती दोघे माघारी फिरली, आणि तिसऱ्या दिवशी मंदिरात तो सापडला. त्या क्षणी मरियेने काय केले? तिने आपली व्यथा लपविली नाही. आम्ही किती चिंतेत तुला शोधीत होतो, हे तिने स्पष्ट सांगितले. परंतु ते तिने एका प्रश्नातून सांगितले, आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले. ते उत्तर त्या दोघांस समजले नाही, असेही संत लूक प्रांजळपणे लिहितो. न समजलेले उत्तर तिने मनात ठेवून घेतले. आम्ही आमच्या मुलीस बाटलीविषयी एक प्रश्नदेखील विचारला नव्हता. पुढे कळले, की रिक्षातून उतरताना तिने धाकट्या भावाचा हात धरला होता आणि दुसऱ्या हातात आमचीच पिशवी होती.

अलीकडच्या संतांपैकी एका मातेची आठवण येथे करावीशी वाटते. बाळ येशूची संत तेरेसा आपणांस ठाऊक आहे. तिची आई झेली मार्टिन फ्रान्समधील आलाँसाँ गावी लेस विणण्याचा व्यवसाय चालवीत असे. तिला नऊ मुले झाली, त्यांतील चार लहानपणीच गेली. तिची दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत थकवा आहे, धंद्याची काळजी आहे, आणि लेओनी या हट्टी मुलीपुढे हात टेकल्याची कबुलीही आहे. जून 1877 मध्ये, कर्करोग बळावलेला असताना, ती तीन थोरल्या मुलींना घेऊन लूर्दला गेली. तो प्रवास अगदी आपल्यासारखाच झाला: दगदग, गैरसोय, हरवलेली जपमाळ, हिरमुसलेल्या मुली, आणि जिच्यासाठी गेली ती आरोग्यप्राप्तीही नाही. तरी परत आल्यावर तिचा आनंदी चेहरा पाहून पतीस नवल वाटले. त्याच वर्षी 28 ऑगस्टला ती वारली. 18 ऑक्टोबर 2015 रोजी तिला व तिच्या पतीला एकत्रच संतपद जाहीर झाले. हट्टी लेओनीही पुढे जोगीण झाली आणि 2015 सालापासून तिच्याही संतपदाचे काम चालू झाले. मुलाचा हट्ट पाहून आपण जे भविष्य वर्तवितो, ते जरा जपून वर्तवावे.

संत मोनिकेचा पती तापट होता आणि ती त्याचा राग ओसरेपर्यंत गप्प राहत असे, हे उदाहरण अशा मेळाव्यांत नेहमी दिले जाते. ते खरे आहे. संत ऑगस्तीननेच लिहून ठेवले आहे. परंतु ते सांगताना वक्ते पुरुष असले, की आम्हांस थोडी गंमत वाटते. मागे बसलेल्या बंधूंनी संत मोनिकेबरोबर तिच्या पतीचाही विचार करावा. मराठी ख्रिस्ती घरातील रागलोभ लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त 1934 पासून जगापुढे मांडले, त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, तरी पतीचा संताप आणि स्वतःचा हट्ट यांपैकी काहीही न झाकता हसत सांगण्याचे त्यांचे धैर्य आम्हांस हवेसे वाटते.

आता आमच्या लढाईचे पुढे काय झाले ते सांगतो. उपवासकाळात आम्ही दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या मागील पानावर, आवाज चढला की एक रेघ मारण्यास आरंभ केला. महिनाभराने पाहतो तो बहुतेक रेघा सायंकाळी सहा ते आठ या वेळेतल्या, किंवा कोठे निघण्याच्या आदल्या दिवशीच्या. सहा वाजता आमच्या पोटात दुपारपासून काही नसे. एवढी साधी गोष्ट कळण्यास आम्हांस चाळिशी गाठावी लागली. आता पाच वाजता आम्ही चहाबरोबर अर्धी भाकरी खातो. यास कोणी तपश्चर्या म्हणणार नाही, परंतु त्या अर्ध्या भाकरीने आमच्या घरात पुष्कळ शांतता आणली आहे. संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी 1609 साली संसारी माणसांसाठी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात एक उपदेश केला आहे, तोही येथेच उपयोगी पडला: आपल्या रागावर पुन्हा रागावू नये. पूर्वी ओरडून झाल्यावर आम्ही स्वतःवर चिडत असू, आणि ती चीडही शेवटी मुलांच्याच ताटात पडे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2016 सालच्या कुटुंबविषयक पत्रात, समेट केल्यावाचून दिवस संपवू नये, असे बजावले. रात्रपाळीच्या घरात दिवस कधी संपतो हे ठरविणे कठीण. आम्ही यजमान डबा घेऊन निघण्याची वेळ हीच मर्यादा धरली आहे.

रेघा थांबलेल्या नाहीत. गेल्या नाताळात करंज्या तळताना तीन एकदम पडल्या, आणि त्यांतील एक अगदी मोठी होती. उंबरठ्यापाशी येऊन मुलीने वही पुढे केली. आम्ही हात पुसून रेघ मारली.

या मे महिन्यात आम्ही पुन्हा माहेरी निघणार आहोत. या वेळी यजमानांनी एक दिवसाची रजा काढली आहे आणि चपात्या वाटेत विकत घ्यावयाच्या असे ठरले आहे. मुलगी आता बारा वर्षांची झाली. आपली पिशवी ती स्वतः भरणार आहे. बाटल्या दोन घ्यावयाच्या, असेही तिने आम्हांस न विचारता ठरवून टाकले आहे.