नाही म्हणण्याची ऐपत



अभियंत्यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत. या मानाचा उपयोग एका अवघड प्रश्नाला वाट करून देण्यासाठी करावा असे मी ठरवले आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातली मुलेमुली आणि नोकरी बदलायच्या विचारात असलेले तरुण अभियंते हा प्रश्न आपसात विचारतात, पण आपल्या सभांमध्ये तो क्वचितच येतो. शस्त्रास्त्रे बनवणाऱ्या कंपनीत भरघोस पगाराची नोकरी मिळत असेल आणि मन मात्र कचरत असेल, तर काय करावे?

महाराष्ट्राला हा उद्योग नवा नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. अंबरनाथ, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, भंडारा, भद्रावती, अंबाझरी ही नावे हजारो मराठी कुटुंबांच्या चुलीशी जोडलेली आहेत. पाषाण आणि दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळांत आपल्यातल्या अनेकांनी उमेदीची वर्षे घालवली. पण त्या काळात ही नोकरी सरकारी होती आणि पगार वेतन आयोगानुसार ठरत असे. संगणक कंपन्यांची भरभराट झाली, तेव्हा प्रयोगशाळेत राहिलेल्या शास्त्रज्ञाने जास्त पगारावर पाणीच सोडले होते. त्याच्या निवडीबद्दल कोणाचे काहीही मत असो, पैशासाठी तो तिथे राहिला असे कोणी म्हणू शकत नव्हते. हे चित्र गेल्या पाव शतकात बदलले. 2001 मध्ये संरक्षण उत्पादन खासगी कंपन्यांना खुले झाले. 1 ऑक्टोबर 2021 रोजी सरकारी कारखाने चालवणारे आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या आणि दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आले. 2024-25 मध्ये देशाची संरक्षण निर्यात 23,622 कोटी रुपयांवर गेली. ड्रोन, लक्ष्य ओळखणारी प्रणाली, तोफगोळ्याचे मार्गदर्शन अशा कामांसाठी खासगी कंपन्या आता माणसे शोधत महाविद्यालयांपर्यंत येतात. म्हणजे याच कामाची ओढ आता पगारामुळेही वाटू लागली आहे, आणि पूर्वीच्या पिढीला ज्याचा विचार करावा लागला नाही असा पेच तरुणांपुढे उभा राहिला आहे.

हा पेच आपण तराजूच्या भाषेत मांडतो. एका पारड्यात तत्त्व, दुसऱ्यात पगार. जे जड, तिकडे जायचे. माझा आक्षेप या मांडणीलाच आहे. पगार पारड्यात गप्प बसून राहत नाही, तो तराजूच्या दांडीलाच हात घालतो. वाढलेला पगार घराच्या हप्त्यात, मुलांच्या शाळेत, आईवडिलांच्या औषधपाण्यात लवकरच मुरतो. मग दोन वर्षांनी कंपनीने नवे उत्पादन हाती घेतले किंवा नवा गिऱ्हाईक देश जोडला, तर त्याचा विचार करणारे मन पहिल्या दिवसाइतके मोकळे राहिलेले नसते. जे सोडणे परवडत नाही ते बरोबरच आहे, असे वाटू लागते. यात लबाडी नसते; माणसाच्या मनाची घडणच तशी आहे. म्हणून नोकरी पुरेशी नैतिक आहे का, एवढे विचारून भागत नाही. ही नोकरी घेतल्यावर पुढे कधी नाही म्हणायची वेळ आली, तर ते म्हणण्याची ऐपत माझ्यापाशी उरेल का, हे विचारावे लागते. नेमके हेच ऑफर लेटरवर सही करताना विचारायचे राहून जाते.

जोसेफ रॉटब्लॅट यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण त्यातली एक बाजू सहसा सांगितली जात नाही. पोलंडमध्ये जन्मलेले हे पदार्थवैज्ञानिक ब्रिटिश तुकडीबरोबर अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात लॉस अलामोसला गेले ते एका स्पष्ट अटीवर: हिटलरच्या हाती अणुबाँब पडला, तर त्याला रोखायला दुसऱ्या बाजूकडेही तो असावा. 1944 च्या अखेरीस जर्मनीचा बाँब होत नाही हे कळले, त्यांची अट संपली आणि त्यांनी काम सोडले. बाँब तयार होण्यापूर्वी, केवळ विवेकाला पटेना म्हणून त्या प्रकल्पातून बाहेर पडलेले शास्त्रज्ञ म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. त्यांच्यावर हेरगिरीचा संशय घेतला गेला, ते सोसूनही ते गेले. त्यांचे धैर्य थोर होतेच. पण त्या धैर्याला दोन आधारही होते. आपण इथे कशासाठी आलो हे त्यांनी स्वतःशी आधीच ठरवलेले होते, त्यामुळे ते कारण केव्हा संपले हे त्यांना ओळखता आले. आणि परत जायला लिव्हरपूलचे विद्यापीठ होते. लॉस अलामोसमध्ये मात्र बुद्धीने किंवा सचोटीने त्यांच्याहून कमी नसलेले कितीतरी जण राहिले. प्रवेशाची अट मनात लिहून ठेवणे आणि परतीचा रस्ता राखणे, या दोन गोष्टी सामान्य माणसालाही जमण्यासारख्या आहेत. म्हणूनच रॉटब्लॅट यांना देव्हाऱ्यात बसवून मोकळे होण्याचे मला पटत नाही.

इथे लगेच कोणी म्हणेल की ऐपतीच्या गोष्टी खात्यापित्या घरच्यांनी कराव्यात. हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या, बहिणीचे शिक्षण आणि गावाकडचे घर खांद्यावर असलेल्या मुलासाठी पगार म्हणजे हाव नव्हे. घरच्यांना पोसणे हेही कर्तव्यच आहे. गरज ही नीतीच्याच बाजूची गोष्ट आहे, तिच्या विरुद्ध बाजूची नव्हे, आणि ते न ओळखणारी नीती मला निर्दय वाटते. कारखान्यातल्या कामगारांचेच पाहा: 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन निदान आठ जण गेले. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार मेले, त्यांत सहा महिला होत्या. स्फोटक भरणाऱ्या आणि पाकिटबंद करणाऱ्या या हातांना कोणी नैतिकतेचे धडे देऊ नयेत. तालुक्यात दुसरा कारखाना नसतो, शेती पुरत नाही, आणि धोकाही सर्वांत जास्त त्यांच्याच वाट्याला येतो. जबाबदारी निवडीच्या प्रमाणात वाढते. ज्याच्यापुढे एकच नोकरी आहे त्याची कमी; ज्याच्यापुढे तीन ऑफर आहेत आणि त्यातली शस्त्रांची सर्वांत मोठी आहे, त्याची सर्वांत जास्त. गरज भागवणारा पगार आणि त्यावरचा वाढीव पगार यांत फरक करायला हवा, आणि चौकशी त्या वाढीव भागाची व्हायला हवी. तो भाग कशाची किंमत म्हणून मिळतो आहे? कौशल्याची, की इतरांनी त्या कामाकडे पाठ फिरवल्याची?

दुसरा आक्षेप देशाचा. सीमा शांत नाहीत, सैनिकाच्या हातातले हत्यार चांगले असलेच पाहिजे, आणि ते बनवायला नकार देणारा माणूस दुसऱ्याने राखलेल्या सुरक्षेतच झोपतो. हे म्हणणे मी मान्य करतो. सर्वच शस्त्रनिर्मितीपासून दूर राहणाऱ्या अहिंसावाद्याविषयी मला आदर आहे, पण माझी भूमिका ती नाही. सैनिकाचे चिलखत, शत्रूचे क्षेपणास्त्र हवेतच पाडणारी यंत्रणा, विश्वासार्ह फ्यूज यांवर काम करणाऱ्याला मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही. पण देशासाठी हा शब्द उच्चारला की विचार संपतो असे नाही, तिथून तो सुरू होतो. एक वस्तू जवळून पाहू. एम-14 नावाचा, मूळ अमेरिकी बनावटीचा सुरुंग तळहातावर मावतो. त्याचे आवरण प्लास्टिकचे आणि धातू नगण्य, म्हणून शोधयंत्राला तो जवळजवळ सापडत नाही. तो पाय उडवण्यासाठीच बनवलेला आहे, आणि तो पाय जवानाचा, गुराख्याचा की शाळेतल्या मुलीचा हे त्याला कळत नाही. संसदेवरील हल्ल्यानंतर 2001-02 मध्ये राजस्थान, पंजाब आणि जम्मूच्या सीमेलगत शेतांमध्ये सुरुंग पेरले गेले. ते पेरताना आणि काढताना आपलेच जवान जखमी झाले, आणि आपलेच शेतकरी व त्यांची जनावरे त्यांत सापडली. 1997 च्या ओटावा कराराने असे सुरुंग पूर्ण वर्ज्य केले; भारत त्यात सामील झालेला नाही. मात्र पारंपरिक शस्त्रांविषयीच्या दुसऱ्या एका कराराची सुधारित अट भारताने 1999 मध्ये मान्य केली. ती अट अशी: व्यक्तिविरोधी सुरुंगातून शोधयंत्राला निदान 8 ग्रॅम लोखंडाइतका संकेत मिळाला पाहिजे.

आठ ग्रॅम लोखंड. युद्ध संपल्यावर ते शेत पुन्हा कसता येईल की नाही, हे त्यावर ठरते. ते आठ ग्रॅम कोणीतरी आरेखनात बसवावे लागतात, कोणीतरी तपासावे लागतात, आणि घाईच्या मागणीतही ते वगळू द्यायचे नाहीत यासाठी कोणालातरी अडून बसावे लागते. म्हणून शस्त्रांच्या कारखान्यात सदसद्विवेक नेऊ नये असे मी म्हणणार नाही. उलट तो तिथे असावा. पण अडून बसू शकतो तोच, ज्याला उद्या नोकरी गेली तरी आपण उभे राहू याची खात्री आहे. म्हणजे आत राहून सुधारणा करू म्हणणाऱ्यालाही बाहेर पडण्याची ऐपत लागतेच.

मी नाही केले तर दुसरा कोणी करेलच, हा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो. रॉटब्लॅट गेल्यानंतरही बाँब झाला, हे खरे. पण गेल्यानंतर त्यांनी काय केले? किरणोत्सर्गाचा शरीरावर होणारा परिणाम हा अभ्यासाचा विषय घेतला, 1954 च्या बिकिनी बेटावरच्या अणुचाचणीतून पसरलेल्या किरणोत्सर्गाचे खरे स्वरूप उजेडात आणले, 1957 मध्ये अण्वस्त्रविरोधी पगवॉश परिषद उभी करण्यात मोठा वाटा उचलला. त्यांची लॉस अलामोसमधली जागा दुसऱ्याने भरली असेल. पण नंतरचे हे काम त्यांच्याऐवजी दुसऱ्या कोणी केले असते याचा भरवसा नव्हता. बुद्धीची आणि वर्षांची गुंतवणूक एकीकडे झाली की दुसरीकडे होत नाही. आपल्याकडचेही एक उदाहरण पाहा. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी अणुऊर्जेच्या जयघोषाच्या काळात सौरऊर्जेची बाजू मांडत होते आणि जागतिक शांतता चळवळीत उघडपणे वावरत होते. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. त्यामागच्या कारणांवर वाद होऊ शकतो. पण हातची नोकरी जाऊनही त्यांचा अभ्यास आणि लेखन थांबले नाही, एवढे निर्विवाद आहे.

मी तर फक्त सॉफ्टवेअर लिहितो, फक्त एक भाग बनवतो, असे म्हणणाऱ्यांनी 2018 मधला गूगलचा प्रसंग आठवावा. ड्रोनने टिपलेल्या चित्रांतून वस्तू ओळखण्याच्या अमेरिकी लष्कराच्या प्रकल्पाला हजारो कर्मचाऱ्यांनी सह्या करून विरोध केला, काहींनी राजीनामे दिले आणि कंपनीने करार पुढे वाढवला नाही. आपण लिहिलेला तुकडा कुठे बसणार हे त्यांना कळत होते. बहुतेक अभियंत्यांना ते कळते. मात्र त्याच कंपनीने शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणार नाही हे आपले वचन फेब्रुवारी 2025 मध्ये मागे घेतले. एकदा मिळवलेली हमी कायमची नसते, हेही तरुणांनी ध्यानात ठेवावे.

राहिला कायद्याचा आधार. परवाना सरकार देते, गिऱ्हाईक सरकार ठरवते, मग मी डोके कशाला शिणवू? इस्रायलला शस्त्रे निर्यात करणाऱ्या भारतीय कंपन्यांचे परवाने थांबवावेत अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये फेटाळली. परराष्ट्र धोरण हा न्यायालयाचा प्रांत नाही, असे कारण दिले. त्या निर्यातीला न्यायालयाने नैतिक प्रमाणपत्र दिले, असा त्याचा अर्थ मी लावत नाही. न्यायालयाने निर्णय सरकारवर सोपवला. आणि सरकारने परवानगी दिली तरी त्या शस्त्राच्या आरेखनावर सही करावी की नाही हे माझे मलाच ठरवावे लागते. कायदा मला बनवण्याची मुभा देतो, बनवण्याची सक्ती करत नाही.

म्हणून तरुण सहकाऱ्यांना माझे सांगणे आहे की जे विचारायचे ते सही करण्यापूर्वी विचारा. एकदा आत गेलात की माहिती वाढते पण बोलण्याची मोकळीक आटते. 1923 चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे. कंपनी नेमके काय बनवते, कोणाला विकते, एका प्रकल्पातून दुसऱ्यात बदली मागता येते का, बाँड किती वर्षांचा आहे, हे मुलाखतीत विचारायला संकोच वाटू देऊ नका. कोणत्या गोष्टीला आपण नकार देऊ, ते कागदावर तारीख घालून लिहून ठेवा. आणि वाढीव पगार पहिली दोन-तीन वर्षे घराच्या खर्चात मिसळू देऊ नका, जुन्या पगारातच घर चालवा. नकार देणे शक्य व्हायला हवे असेल, तर हप्ते ठरवतानाच त्याची सोय करावी लागते.

पण सगळा भार एकट्या माणसावर टाकून आपण मोकळे होऊ नये. वकिलाला बार कौन्सिल आहे, डॉक्टरला वैद्यक आयोग आहे, वास्तुविशारदाला 1972 च्या कायद्याने मिळालेली परिषद आहे. अभियंत्याच्या पाठीशी अशी वैधानिक संस्था आपल्या देशात नाही. त्यामुळे विवेकाच्या कारणाने एखादे काम नाकारणारा अभियंता व्यवस्थापनासमोर अगदी एकटा असतो. कायदा होईल तेव्हा होवो, तोवर आपण काही करू शकतो. उद्याच्या खुल्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. अशा पेचात सापडलेल्यांना नाव गुप्त ठेवून सल्ला देणारी ज्येष्ठांची समिती या अधिवेशनाने नेमावी. विवेकाच्या कारणाने नोकरी सोडणाऱ्याला सहा महिने आधार देणारा निधी सदस्यांच्या वर्गणीतून उभारावा. आणि शस्त्रनिर्मितीतल्या कंपन्यांनी नेमणूकपत्रात ज्येष्ठता न गमावता प्रकल्प बदलून मागण्याचा हक्क द्यावा, अशी मागणी या अधिवेशनाच्या नावाने करावी. ठरावाचा मसुदा नोंदणी कक्षात ठेवला आहे. या उद्योगात काम करणाऱ्या सदस्यांनी त्यावर आज रात्रीपर्यंत आपल्या दुरुस्त्या लिहून द्याव्यात, अशी माझी खास विनंती आहे, कारण कोणते कलम कागदावरच राहील आणि कोणते खरोखर उपयोगी पडेल हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.