घरच्या चवीचा वारसा
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



पोटासाठी दक्षिण कोकण सोडून मुंबईस आलेल्या आम्हा मंडळींना येथे अन्न पोटभर मिळाले, पण तोंडाची चव गावीच राहिली. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, सोलकढी, तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले ही नावे निघाली की आजही आमची वृद्ध मंडळी बोलता बोलता थांबतात.

पूर्वी बोटीने येणाऱ्या गाठोड्याची वाट पाहावी लागे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमास भौगोलिक मानांकन लाभले. जिन्नस आता दुकानात मिळतो. उणीव आहे ती जाणत्या हातांची. तिरफळाची काळी बी टाकून सालच घ्यावयाची, सोले मीठ घातलेल्या कोकमाच्या रसात पुनःपुन्हा बुडवून उन्हात वाळवावयाची, हे सारे आम्हांस आजीने शिकविले. आजी गेली की तिची विद्याही जाते.

म्हणून विनंती एवढीच की, प्रत्येक कुटुंबाने घरातील वडीलधाऱ्या स्त्रीजवळ बसून तिची एक तरी कृती मापासह लिहून घ्यावी व ती पुढील स्मरणिकेसाठी द्यावी. नातवंडांचे गावी जाणे होईल तेव्हा होवो, गावची चव तरी त्यांच्या जिभेस ओळखीची राहो.