संकेतस्थळाचा उंबरठा

अकोट तालुक्यांतील एखाद्या कास्तकारास आपल्या वावराचा सातबारा घरबसल्या पाहावयाचा आहे, अशी कल्पना करावी. त्यासाठीं राज्य सरकारनें ‘महाभूलेख’ हें संकेतस्थळ उघडलें. त्याच्या पहिल्याच पानावर कित्येक वर्षें महसुली विभाग विचारला जात असे. राज्याचे असे विभाग सहा. अकोट हें अकोला जिल्ह्यांत, इतकें कास्तकारास पक्कें ठाऊक. परंतु विभागांच्या यादींत अकोला कोठेंच नाहीं! अमरावतीचें नांव निवडल्यावांचून अकोल्यास पोहोंचतां येत नसे. बरें, अमरावती हें विभागाचें नांव, तेंच जिल्ह्याचें आणि तेंच तालुक्याचेंही. कचेरींत जन्म घालविणारास हा भेद सहज उमगतो. ज्यानें विभागीय आयुक्तांचें कार्यालय कधीं पाहिलें नाहीं, त्यानें अमरावतीवर बोट कां म्हणून ठेवावें?

वाशीमकडील अडचण याहून बिकट. १९९८ सालीं अकोला जिल्ह्याचें विभाजन होऊन वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वींच्या खरेदीखतांवर जिल्हा अकोला असाच लिहिलेला. असा कागद हातीं घेऊन मंगरूळपीरकडील एखादा वारस अकोल्याच्या यादींत आपला तालुका शोधूं लागला, तर तो त्यास सांपडावयाचा नाहीं. आपली जमीन सरकारदप्तरीं उरलीच नाहीं कीं काय, अशी धास्ती त्यानें घेतली तर नवल नव्हे. मग तो मध्यस्थाचें दार ठोठावतो. दिवस मोडतो आणि वर पैसे जातात.

वास्तविक संकेतस्थळानें आधीं गांवाचें नांव विचारावें. दोनचार अक्षरें लिहितांच त्या नांवाचीं सर्व गांवें तालुका व जिल्ह्यासह समोर यावींत. गांवावरून विभाग ओळखणें हें यंत्राचें काम आहे. तें माणसाच्या माथीं मारण्याचें कारण नाहीं. सूचीचेंही तसेंच. ‘सेवा’, ‘उपक्रम’, ‘इतर’ असल्या पाट्यांखालीं वारसाची नोंद नेमकी कोठें दडली आहे, हें कोणीं ओळखावें? ‘सातबारा पाहा’, ‘वारस नोंदवा’ असे सरळ शब्द असावेत, आणि ती सूची प्रत्येक पानावर त्याच क्रमानें यावी. हा शेवटचा दंडक २००८ सालच्या जागतिक सुगम्यता नियमांतही घातलेला आहे.

आतां अर्जाकडे वळूं. पूर्वीं पिकाची नोंद तलाठी करीत. २०२१ सालीं ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि तें काम कास्तकाराच्या मोबाईलवर आलें. लिहिणारा बदलला, तेव्हां अर्जाची भाषाही बदलावयास हवी. भर उन्हांत वावरांत उभे राहून रकाना भरतांना आंतील फिकट अक्षरें दिसत नाहींत, आणि लिहूं लागतांच तीं नाहींशीं होतात. म्हणून काय लिहावयाचें तें रकान्याच्या वर, ठळक व कायम असावें. अंक मराठी असोत वा इंग्रजी, दोन्ही स्वीकारावे. लागणारे कागद आरंभींच सांगावे. चूक झाली तर ‘अवैध माहिती’ असें गुरकावण्याऐवजीं ‘मोबाईल क्रमांकांत एक अंक कमी आहे’ असें सांगावें, आणि तेंही नुसत्या तांबड्या रेघेनें नव्हे, कारण कित्येकांस तांबडा व हिरवा रंग वेगळा ओळखतां येत नाहीं. मुख्य म्हणजे, एका चुकीपायीं भरलेला सारा अर्ज कोरा होऊं नये. हा जुलूम तर कागदाच्या अर्जानेंही कधीं केला नव्हता!

अशा उणिवा शोधण्यास मोठा खर्च लागत नाहीं. जेकब नील्सन या तज्ज्ञानें २००० सालीं असें मत मांडलें कीं, पांच जणांकडून काम करवून पाहिलें तरी बहुतेक दोष उघडकीस येतात. दर्यापूरच्या बाजारांत पांच कास्तकारांच्या हातीं मोबाईल द्यावा, वारसाची नोंद शोधावयास सांगावें, आणि अर्ज रचणारानें शेजारीं बसून एक शब्दही न बोलतां, बोट कोठें थबकतें तेवढें टिपून घ्यावें.