ओसरीवरची चावी

मोटारगाडी हा काही शेतकऱ्यांच्या किंवा शाळामास्तरांच्या बोलण्याचा विषय नव्हे, असे एके काळी कोणीही म्हटले असते. आता तसे राहिलेले नाही. हप्त्याने का होईना, पण गावोगाव दारात गाडी उभी दिसते. सुगीनंतर चाकरमाने गावी आले, की देवळापुढे गाड्या लावायला जागा पुरत नाही. म्हणूनच ज्या काळी साऱ्या गावात एखादीच गाडी असे, त्या सत्तरच्या दशकातल्या चार गोष्टी तुम्हांला सांगाव्यात असे मनात आले. मी शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. वाईपासून काही मैलांवर, कृष्णाकाठी आमचे गाव. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, तिथे डॉक्टरकी करीत.

त्या वेळी गाड्यांची निवड करणे फार सोपे होते, कारण निवडायला फारसे काही नव्हतेच. मोठी गाडी हवी असली तर अँबॅसिडर. ती कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होई आणि मूळच्या इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून घेतलेली होती. मद्रासच्या कारखान्यातली स्टँडर्ड हेरल्ड होती. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला अख्खेच्या अख्खे उलटत असे, आणि ते पाहायला आम्ही पोरे धावत असू. आणि तिसरी आपल्या महाराष्ट्रातली फियाट.

या फियाटची कुळकथा थोडक्यात सांगतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईला कुर्ल्यात. पुढे पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन तिथे फियाट ११०० ही गाडी बनू लागली. काही वर्षांनी ती 'डिलाइट' झाली, आणि १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. कागदावर पद्मिनी, पण लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. आपल्याकडे सुनेचे नाव लग्नात बदलतात आणि माहेरची माणसे जुन्याच नावाने हाक मारतात, तसाच हा प्रकार.

गाडी घ्यायची म्हणजे दुकानात जाऊन पैसे मोजायचे, असे तेव्हा नव्हते. साऱ्या देशात वर्षाला पन्नास हजार मोटारीदेखील तयार होत नव्हत्या. विक्री आणि वाटप यांवर १९५९ च्या हुकुमाने सरकारचे नियंत्रण आले होते. नाव नोंदवायचे, इसारा भरायचा आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. कित्येकांची मुलगी नोंदणीच्या वेळी पाळण्यात असे आणि गाडी येईपर्यंत शाळेत जाऊ लागे. त्यातच १९७३ साली अरब-इस्रायल युद्ध झाले, तेलाचे भाव भडकले, आणि ज्यांच्याकडे गाड्या होत्या तेही त्या झाकून ठेवू लागले.

अशा दिवसांत, १९७७ साली, अण्णांनी पुण्याच्या एका गृहस्थाकडून तीन वर्षे वापरलेली पद्मिनी घेतली. रंग फिकट आकाशी. ती गावात आली तेव्हा आजीने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले. गाडीत पुढे सलग बाक होते. गिअरची दांडी पायांशी नव्हती. ती स्टिअरिंगच्या खाली, डाव्या हाताला होती. त्यामुळे पुढे तिघे आणि मागे चौघे सहज बसत. सहज म्हणजे आमच्या हिशेबाने सहज! लग्नसराईत मांडीवरची मुले धरून अकरा माणसे मी स्वतः मोजलेली आहेत.

गाडी बाळगणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. आज किल्ली फिरवली की गाडी निघते. बॉनेट वर्ष वर्ष उघडावे लागत नाही. आमच्या अण्णांचा दिवस बॉनेट उघडूनच सुरू होई. रेडिएटरमधले पाणी पाहा, तेलाची पट्टी काढून पुसून पुन्हा बुडवून पाहा, फॅनबेल्ट बोटाने दाबून पाहा. दर काही दिवसांनी प्लग काढायचे, त्यांवरची काजळी घासायची. पॉइंट काळे पडले की बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. थंडीत चोक ओढायचा, पण जास्त ओढला तर पेट्रोल साचून गाडी हटून बसे. मग थोडा वेळ गप्प बसणे हाच उपाय. बॅटरी उतरली तर गाडी ढकलायची. अण्णा स्टिअरिंगवर, आणि मागे आम्ही भावंडे, शेजारचा सुतार, रस्त्याने जाणारे कोणीही. दुसऱ्या गिअरात घालून क्लच सोडला की गाडी एक आचका देई, धूर सोडी आणि सुरू होई. ढकलणारे मागे धुरात हसत उभे राहत.

उन्हाळ्यात तिचा आणखी एक खोडसाळपणा होता. पुण्याला जायचे म्हणजे खंबाटकीचा घाट चढावा लागे. आता पुण्याकडे जाताना बोगदा आहे, तेव्हा नव्हता. अर्ध्या चढावर गाडी फुरफुर करून थांबे. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून असल्यामुळे तापे आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होई. पंपाला द्रव ओढायची सवय, वाफ त्याला ओढता येत नाही. मग अण्णा पंचा भिजवून त्या पंपावर ठेवीत. पाच-दहा मिनिटांत पंप गार होई, वाफेचे पुन्हा पेट्रोल होई आणि गाडी चालू लागे. पदार्थाच्या अवस्था मी शाळेत जाण्याआधी खंबाटकीत शिकलो.

आता त्या चावीची गोष्ट सांगतो.

आमच्या ओसरीवर, दाराच्या चौकटीला एक खिळा आहे. गाडीची चावी तिथे टांगलेली असे. कपाटात नाही, अण्णांच्या खिशातही नाही. अण्णा घरी नसले, तर गावातला गाडी चालवता येणारा कोणीही, म्हणजे ट्रॅक्टरवाला किंवा सोसायटीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, चावी घेऊन अडल्यानडल्याला दवाखान्यात पोचवी. बाळंतिणी गेल्या, सर्पदंश झालेले गेले. बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी एस.टी. चुकलेली मुले गेली. कोणी पेट्रोलचे पैसे देई, कोणी नंतर शेंगांची पाटी आणून ठेवी, कोणी काहीच देत नसे. कोण कुठल्या आळीतला, हे पाहायचे नाही, असा अण्णांचा नियम होता. आजी सुरुवातीला कुरकुरली, बाकावर वेगळी चादर घालावी म्हणाली. अण्णांनी ती चादर उचलून घोड्यावर टाकली आणि तो विषय तिथेच संपला.

पुढे कितीतरी वर्षे मी ही गोष्ट वर्गात मुलांना सांगत असे. औदार्य म्हणजे काय, तर ओसरीवरची चावी, असे सांगे. खरी हकिगत मला अण्णांनी त्यांच्या शेवटच्या आजारपणात सांगितली.

गाडी घेतली त्या वर्षीचा पावसाळा. गाडी घरी येऊन दोन महिने झाले होते. रात्री वरच्या वाडीतला एक शेतकरी पोट दुखते म्हणून कळवळत होता. अण्णा त्याला पाहून आले. साताऱ्याला न्यायला हवे, हे त्यांना कळले होते. पण वाटेतल्या ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता, नुसती फरशी होती, आणि फरशीवरून गुडघाभर पाणी चालले होते. अण्णा त्याच्या मुलाला म्हणाले, "पाणी उतरू दे. पहाटे निघू." मुलाने थोडा वेळ वाट पाहिली आणि बैलगाडी जुंपली. बैलांनी ते पाणी पार केले. पण साताऱ्याला पोचायला उजाडले. माणूस वाटेतच गेला.

अण्णा मला म्हणाले, "मोटार त्या पाण्यातून गेली असती की बंद पडली असती, हे मला आजही सांगता येत नाही. मोटारीने नेला असता तर तो वाचला असता, असेही डॉक्टर म्हणून मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. पण त्या रात्री मी पाण्याचा विचार करीत होतो तो माझ्या इंजिनात पाणी जाईल म्हणून. एवढे मला माहीत आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराकडून तो खिळा ठोकून घेतला.

श्रोतेहो, हे ऐकल्यानंतर त्या गाडीविषयीची माझी माया कमी झाली नाही. मात्र त्या काळाबद्दल मी जपून बोलू लागलो. जुन्या गाड्यांची आठवण निघाली की आपण म्हणतो, काय तो दणकट पत्रा, काय ते दिवस! पत्रा दणकट होता, हे खरेच. पण त्या गाडीला पट्टे नव्हते. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. पाण्यातून गेले की ते धरत नसत. पेट्रोलमध्ये शिसे घातलेले असे, आणि तो धूर आम्ही मुले मिटक्या मारीत हुंगत असू. शिशाचे पेट्रोल देशातून २००० साली बंद झाले. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे एका गावात एक गाडी होती, म्हणून तर ती गावाची झाली. अडलेल्या बाईला डॉक्टरांच्या ओसरीवर येऊन चावीकडे पाहावे लागे. आज १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. हे बरे की ते बरे, असे मला कोणी विचारले, तर मी क्षणभरही विचार करणार नाही.

त्या गाड्यांचा काळ आता सरला आहे. पद्मिनी बनणे शतकाच्या अखेरीस थांबले. अँबॅसिडर २०१४ मध्ये थांबली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. आमची गाडी अजून गोठ्याशेजारच्या पडवीत उभी आहे. तिची पन्नाशी उलटली. जुन्या गाडीची नोंदणी पुन्हा करण्याची फी २०२२ पासून बरीच वाढली आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या खाजगी गाड्यांसाठी वेगळे नियम केले. मूळची चासी, बॉडी आणि इंजिन बदललेले नसेल, तर अशा गाडीला 'विंटेज' म्हणून नोंदवता येते; पण मग ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही. प्रदर्शनाला न्यावी, दुरुस्तीला न्यावी, अशा मोजक्या कामांपुरतीच.

नातू म्हणाला, "आजोबा, भंगारात द्या, पडवी मोकळी होईल." त्याचे बोलणे अव्यवहारी नव्हते. भंगारवाला येऊन पाहूनही गेला. मी दोन दिवस मागितले. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना सहज घरी बोलावले आणि बॉनेट उघडून दाखवले. त्या तासभर तिथून हलल्या नाहीत.

आणि म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, माझे मुख्य सांगणे तुम्हांलाच आहे. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले तर वर प्लॅस्टिकचे झाकण दिसते आणि आतला कारभार संगणक पाहतो. या जुन्या गाडीत सगळे उघड्यावर आहे. हा कार्बोरेटर, इथे हवा आणि पेट्रोल एकत्र होतात. हे चार सिलिंडर. ठिणगी पडण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन. तसा का, हे मुलांना विचारा, उत्तर लगेच देऊ नका. इथे पाणी तापते, इथे ते निवते. इंजिन पुढे आहे आणि जोर मागच्या चाकांना जातो. मग तो कसा जातो, हे गाडीखाली वाकून पाहा. जॅक म्हणजे काय, तर दहा वर्षांच्या मुलीला एक टन उचलायला लावणारी युक्ती. पुस्तकातल्या उष्णतेच्या, यंत्रांच्या आणि विजेच्या धड्यांचे असे एकत्र साधन तुम्हांला बाजारात कोठे मिळेल?

तुमच्या पंचक्रोशीत अशी एखादी फियाट, अँबॅसिडर, जुनी जीप कोणाच्या तरी पडवीत धूळ खात असेल. मालकाला भेटा. त्याला गाडी मागू नका, एक दुपार मागा. बॅटरीची तार आधी काढून ठेवा, टाकीत पेट्रोल ठेवू नका, चाकांना दगड लावा, आणि मग मुलांना हात लावू द्या. हात काळे झाल्याशिवाय घरी सोडू नका. आणि मालकाला, किंवा त्याच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला, त्या गाडीतून कोण कोण कुठे गेले ते विचारा. मुलांनी ते वहीत लिहून घ्यावे. गावाचा असा इतिहास दुसरीकडे कोठेही लिहिलेला नसतो.

आमची गाडी आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या पटांगणात असते. शाळा आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे, आणि वाट सपाट आहे. गाडी ढकलत न्यायला आठवीची सहा मुले-मुली लागतात. नातू स्टिअरिंगवर बसतो. भंगारवाल्याला त्याने स्वतःच फोन करून नाही सांगितले.

चावी मात्र अजून त्याच खिळ्यावर आहे. ती तिथून काढायची नाही, एवढे मी घरात सांगून ठेवले आहे. का काढायची नाही, तेही या वेळी सांगितले आहे.