यंत्र थांबले नाही म्हणून हिशेब बरोबर ठरत नाही
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या बैठकीत कॉम्प्युटरचे काय काम, असे काहींना वाटेल. आज बहुतेक ठिकाणी काटा विजेवर चालतो, पावती यंत्र छापते, चुकारा बँकेत जमा होतो. मधला हिशेब कसा झाला ते आपल्याला दिसत नाही. तो कसा होतो, हे आता आपलीच पोरे-पोरी शिकू लागली आहेत. ती शिकतात त्यातली एक भाषा पायथन. कॉम्प्युटरला हुकूम सोडण्याची ही भाषा गिदो व्हान रॉसम या डच माणसाने १९९१ साली लोकांपुढे ठेवली. ती फुकट मिळते.

ती शिकताना नवख्याला हमखास तीन ठेचा लागतात. तिन्ही आपल्या हिशेबात बसवून सांगतो.

पहिली ठेच. यंत्राने पहिल्या गाडीचे वजन विचारले, पोराने टाकले १२ क्विंटल. दुसरीचे टाकले ८. बेरीज आली १२८! कारण इनपुट या हुकमाने घेतलेले सारे पायथन अक्षरे समजते आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणे. हा आकडा आहे, असे वेगळे सांगावे लागते.

दुसरी ठेच. वजन १२ क्विंटल ७५ किलो, म्हणजे १२.७५. या आकड्यावर इंट हा हुकूम लावला की पायथन १२ ठेवते, पुढचे छाटते. ७,००० रुपये भाव धरा. ७५ किलोचे ५,२५० रुपये गेले. तिथे फ्लोट पाहिजे.

तिसरी ठेच. पायथनमध्ये ओळ समासापासून किती आत सुरू होते, याला अर्थ आहे. ‘प्रत्येक गाडीचे वजन मिळव’ या कामाखाली ‘हमालीचे ३०० वजा कर’ ही ओळ आत लिहिली, तर दर गाडीला ३०० जातात. समासाला लावून लिहिली, तर शेवटी एकदाच. तीन गाड्यांचे ३०० कापायचे की ९००, ते चार मोकळ्या जागांवर ठरते.

कंस राहिला तर कॉम्प्युटर अडतो, कुठल्या ओळीत अडला तेही सांगतो. या तीन चुकांत तो अडत नाही. तिफण मोडली तर पेरणी तिथेच थांबते, लगेच कळते. पण एक नळी बुजली तर तिफण चालतच राहते. ज्वारी उगवून आल्यावर मोकळे तास दिसतात, तेव्हा वाफसा गेलेला असतो. म्हणून पेरताना आपण मागे वळून नळ्या पाहतो. हिशेबालाही तीच सवय लावा.

पोरांनो, हाताने तपासलेली एक जुनी पट्टी घ्या. ती पायथनमध्ये बसवा, पैशापर्यंत जुळवा. मग एक गाडी, तीन गाड्या, पाऊण क्विंटल असे आकडे टाकून पाहा.

आणि ज्यांना ही भाषा येत नाही, त्यांनी वजन, भाव आणि प्रत्येक कपात वेगळी लिहून मागावी. ‘कॉम्प्युटरने काढलंय’ हे उत्तर नव्हे. कॉम्प्युटर सांगितले तेवढेच करतो. सांगणारा माणूसच असतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एक पट्टी आणावी. पोरांसोबत बसून तपासू.